गढी कमी करू नका

हत्तीने डोळा उघडला नाही, आणि सगुणाबाई जिंकल्या. झालं ते एवढंच. बाहेर नांदेडच्या गच्च्यांवर एप्रिलचं ऊन थापल्यासारखं पडलं होतं. चौकात टँकर लागला होता, आणि गल्लीभर प्लास्टिकच्या घागरी एकीमागे एक उभ्या होत्या. शेजारच्या नागाबाई रांग सरकेल तशी एका पायाने आपली घागर ढकलत होत्या, दुसऱ्या पायाने सगुणाबाईंची. ती खरखर खिडकीतून आत येत होती. आत, टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये, पिवळी अक्षरं हळूहळू मोठी होत गेली : वाटसरू विजयी. या अक्षरांची सगुणाबाईंनी कित्येक महिने वाट पाहिली होती. ती आली की आपण काय करू, हेसुद्धा त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं : उठायचं, उत्पलाला फोन लावायचा, आणि आधी नुसतंच हसायचं. आता अक्षरं समोर होती आणि हात जागचा हलत नव्हता. भाकरीचा पहिला घास मोडावा आणि पिठात मीठच नसावं, तसं झालं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पडदा पुन्हा निरखला. त्यांचा माणूस डोक्यावर घागर घेऊन गढीच्या अंगणात उभा होता, हत्तीच्या अगदी सोंडेपाशी. एरवी एवढ्यात हत्तीचा डोळा उघडायचा. राखेवर फुंकर घालावी आणि खालचा निखारा दिसावा, तशी आधी एक लाल रेघ, मग सबंध डोळा. तो उघडताना सगुणाबाई दरवेळी खुर्ची पुढे ओढायच्या. आज हत्ती मेल्यासारखा झोपला होता, आणि त्यांचे वाटसरू त्याच्या पायांमधून वाट काढत, देवळात शिरावं तसे, गढीत शिरले होते.

हा खेळ उत्पलाचा. उत्पला म्हणजे सगुणाबाईंच्या लेकीची लेक. इथल्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, आजीपाशी राहते, आणि वरच्या खोलीत दोघा-तिघा मित्रमैत्रिणींना घेऊन खेळ रचते. नाव ‘तहानखोरं’. एका अजगराने नदी गिळली आहे आणि खोऱ्यात पाणी उरलेलं नाही. उरलंय ते एकाच जागी, गढीच्या विहिरीत, आणि ती कधी आटत नाही. गढीच्या भिंतींवर काळे दगडी हत्ती झोपलेले असतात. पाणी घ्यायला परका माणूस अंगणात उभा राहिला की एक हत्ती डोळा उघडतो, एक जागा झाला की तो दुसऱ्याला जागं करतो, आणि मग ते भिंतीवरून उतरून खोरं तुडवत निघतात. गढीच्या आपल्या माणसांना मात्र ते उठत नाहीत. गढीशी लढायला जलचेटकिणी आहेत, झाडं होऊ शकणारी रानमाणसं आहेत, आणि सगळ्यांत दुबळे ते वाटसरू. त्यांना घर नाही, जनावर नाही, शस्त्र म्हणाल तर काठी. त्यांना दोनच गोष्टी येतात : लांब चालणं, आणि नदीच्या वाळूत झिरा उकरणं. गढी जिंकून घेतली तर डाव संपतो. नाहीतर खोऱ्यातल्या सगळ्या वस्त्या ज्याच्या पाण्यावर येतील, तो जिंकतो. उत्पलाने पहिल्यांदा हे समजावून सांगितलं तेव्हा सगुणाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी न बघताच सांगितलं होतं, मला ते काठीवाले दे. रिटायर झाल्यावर बाया सत्संगाला जातात, सिरियली बघतात. सगुणाबाई दुपारच्या जेवणानंतर वाटसरू घेऊन खोऱ्यात उतरत आणि संध्याकाळपर्यंत हरत. हरण्याचा त्यांना कंटाळा नव्हता. हत्तीचा तो लाल डोळा त्यांना ओळखीचा वाटे. उत्पलाने तो कुठून आणला, हेही त्यांना ठाऊक होतं. लहानपणी तिला झोपवताना गढीच्या गोष्टी त्यांनीच सांगितल्या होत्या. गोष्टीत हत्ती नव्हते. हत्ती पोरीने घातले, पण नेमके घातले.

शिरूर अनंतपाळच्या अलीकडे त्यांचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर गढी. बहात्तरच्या दुष्काळात सगुणा परकरातली पोर होती. आपल्या वस्तीतला आड आटला, गावातल्याही विहिरी एकेक करून बसल्या, आणि पाणी राहिलं ते गढीच्या विहिरीत. तिच्या काठावर वस्तीतल्या कुणी चढायचं नाही. दाराबाहेर घागरी रांगेत लावायच्या आणि बसायचं. मालकिणीच्या मनात आलं की सरजाबाई नावाची गढीतली बाई येऊन वरून पाणी ओतायची. पाणी म्हणजे सगुणाला नेहमी वरून पडणारं काहीतरी वाटायचं. सरजाबाईच्या कळशीच्या ओठावरून निसटणारी जाड चकचकीत दोरी, आणि मग घागरीच्या पोटातला तो चढत जाणारा आवाज. विहिरीतलं पाणी तिने कधीच पाहिलं नाही. ते किती असेल, कसलं असेल? पोरी पोरी बसून बोलायच्या. एक म्हणायची तळाला नागाचा मणी आहे, म्हणून आटत नाही. दुसरी म्हणायची आत दुसरं गाव आहे. सगुणाला रात्री स्वप्नात ती विहीर आभाळाएवढी दिसायची. आता साठी आली, सरकारी नोकरी झाली, पेन्शन बसली, गाव सुटलं, नवरा किशनराव गेले, लेकीचा संसार झाला, आणि तरी डोळे मिटले की ती विहीर तेवढीच मोठी होती.

उन्हं कलली तेव्हा उत्पला आली, मागोमाग भुजंग. भुजंग धर्माबादचा. बापाचं मिरचीचं आडत दुकान, आणि पोरगा इथे खोली करून शिकायला. या घरात आला की चपला काढायच्या आत स्वयंपाकघरात शिरायचा, माठातून तांब्या बुडवून उभ्याउभ्या पाणी प्यायचा आणि डब्यांची झाकणं उघडून बघायचा. खेळात गढी नेहमी त्याची. सगुणाबाईंनी तोंड पुसत येणाऱ्या त्या दोघांना विचारलं, हत्तीला काय झालं गं?

उत्पलाला हसू आलं. “कळलं तुला? नर्फ केलाय, आज्जी.”

नर्फ म्हणजे जोर कमी करणं, हे तिने मग सांगितलं. हत्ती आता लगेच जागा होत नाही, दोन-चार खेळ्या घेतो. करणं भाग होतं. ज्यांना ज्यांना खेळ खेळून बघायला दिला, ते सगळे गढीपुढे हरले, पुन्हा हरले, आणि खेळ काढून टाकून मोकळे झाले. एकच बाजू एवढी जबर असली तर त्याला खेळ म्हणत नाहीत. भुजंगने हातातली चकली दाखवत मान हलवली. तो म्हणाला, मी तर डोळे झाकून जिंकून राहिलो आज्जी, मलाच लाज वाटायला लागली. उद्या संध्याकाळी खेळ सगळ्यांसाठी खुला व्हायचा होता. एकदा खुला झाला की लोक जे खेळतील तोच खेळ, मग त्यात हात घालता येत नाही. सगुणाबाई ऐकत होत्या. त्यांना सगळं पटत होतं. पोरं खोटं बोलत नव्हती, दोन वर्षं वरच्या खोलीत डोळे फोडून त्यांनी हे उभं केलं होतं, लोकांनी ते टाकून दिलं तर त्यांचं काय होईल, हेही दिसत होतं. आणि तरी त्यांच्या तोंडून आलं ते भलतंच.

“गढी कमी करू नका.”

का, म्हणून उत्पलाने विचारलं. सगुणाबाई पिठाचा डबा घेऊन आत गेल्या.

पीठ मळताना लातूर आठवलं. सकाळीच लातूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला होता. तिथे आता पाणी रेल्वेने आणायचं चाललं होतं, टाक्यांपाशी पोलीस बसले होते. किशनराव रेल्वेच्या हपिसात होते, ते असते तर म्हणाले असते, सगुणा, तुमच्या लातूरला आमचीच गाडी पाणी पाजणार बघ. पण सगुणाबाईंना आठवलं ते हे लातूर नव्हे, जिल्हा झाला त्या सालातलं. उस्मानाबादेतून तुटून नवा जिल्हा झाला, आणि हपिसं भाड्याच्या इमारतींत उघडली. सुतळीने बांधलेल्या खुर्च्या ट्रकमधून उतरत होत्या, पाट्यांचा रंग बोटाला लागत होता, सगळीकडे व्हार्निशचा आणि कोऱ्या कागदाचा वास. सगुणा तिथे ज्युनिअर क्लार्क म्हणून लागली. व्हरांड्यात एक माठ होता, लांब दांड्याच्या ओगराळ्याचा, आणि पहिल्या दिवशी तिने त्यात ओगराळं बुडवलं तेव्हा मागे वळून पाहिलं होतं. कुणी बघत नव्हतं. कुणाला वेळच नव्हता. त्याच उन्हाळ्यात गढीचे साहेबराव कसल्याशा कागदासाठी आले. थोरले मालक केव्हाच गेले होते, आता साहेबरावच मालक. पण कूळकायद्यात जमीन गेलेली, उरलेली भावांत वाटलेली, धोतर इस्त्रीचं पण टाचेशी विरलेलं. ते लोकांच्या रांगेत उभे राहिले, आणि नंबर आल्यावर कागद पुढे सरकवून म्हणाले, बाई, पाणी मिळंल का. सगुणाने व्हरांड्याकडे बोट केलं. माठ तिथं हाय, घ्या की हातानं. त्यांनी मग तिच्याकडे नीट पाहिलं.

“पारूची का गं तू?”

“पारूबाईंची,” सगुणा म्हणाली.

ते माठापाशी गेले, थोडं थांबले, आणि हाताने घेऊन प्यायले. येताना मिशा पुसत म्हणाले, गार हाय पाणी. बस. त्या दिवशी घरी जाताना सगुणाला वाटलं होतं, आपण आता आईला सांगू, आई खूश होईल, आपणही होऊ. पण बसमध्ये बसल्यावर कळलं की आत काहीच नाही. आनंद नाही, राग नाही. घासात मीठ नसावं तसं. आता पिठात बोटं रुतवून सगुणाबाई थांबल्या. आज दुपारची चव हीच. अगदी हीच. साहेबराव रांगेत उभे राहिले तेव्हा गढी आधीच कमी झाली होती. कायद्याने केली, नव्या जिल्ह्याने केली, दिवसांनी केली. तिला हरवण्यात सगुणाचं काय होतं? तिला नुसती खुर्ची मिळाली होती. खरा डाव दहा वर्षं आधी झाला होता. तेव्हा गढी सबंध होती, विहीर भरलेली होती, थोरले मालक ओट्यावर बसून हुक्का ओढत होते आणि त्यांनी नुसती मान हलवली तरी अख्खं गाव हलत होतं. तेव्हा जिंकली ती आई.

पिठाचे हात तसेच घेऊन त्या बाहेर आल्या. “आमची माय कमी केलेल्या गढीशी भांडली न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुमच्या खेळात लोक हलक्या गढीला हरवतील अन् म्हणतील, हात्तिच्या, एवढंच व्हय. मग मायनं काय केलं? काहीच न्हाई केलं असं होईल ते.”

पणजीची गोष्ट उत्पलाला माहीत होती, झिऱ्यापर्यंतची. तिने भुजंगकडे पाहिलं. मग ठरलं ते असं : उद्या दुपारी जुनी गढी परत बसवायची, सगळे हत्ती होते तसे. गढी भुजंगने खेळायची, दयामाया न करता. वाटसरू जिंकले तर गढी तशीच जाईल, लोक टाकून देवोत की घेवोत. हरले तर झोपाळू हत्ती. खरं हरवता येतं, हे एकदा तरी कुणी दाखवायला हवं, उत्पला म्हणाली, नाहीतर मी कशाच्या बळावर ठेवू? ते सगुणाबाईंना रास्त वाटलं.

“हरल्यावर मला जेवायला घालायचं बंद करू नका म्हणजे झालं,” भुजंग म्हणाला.

“तुझं पोट गढीपरीस मोठं हाय. त्याला कोण वेढा घालतंय.”

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून ते समोरासमोर बसले, दोन लॅपटॉप पाठीला पाठ लावून. उत्पला आजीच्या मागे उभी, हाताची घडी घालून, एक शब्द बोलायचा नाही या अटीवर. खिडकीच्या पडद्याला पाणी मारलं होतं, त्याचा ओला वास वाळेपर्यंत तेवढा गारवा. सगुणाबाईंनी आपली माणसं नदीच्या पात्रात उतरवली. पडद्यावरची वाळू पांढरी होती, आणि ती उकरली जायची तेव्हा बारीक सळसळ व्हायची. ती ऐकली की त्यांच्या नखांच्या खाली काहीतरी शिवशिवायचं. घरणी नदीची वाळू अशीच होती. दुपारी तापून पाय भाजायची, कोपराएवढं खाली गेलं की ओलसर लागायची, आणि मग खरं काम सुरू. झिरा एकट्या-दुकट्याने निघत नाही. एक उकरतो तोवर कडेची वाळू दुप्पट आत येते. चारी बाजूंनी हात हवेत, उकरणारे, ओढणारे, कडा धरून ठेवणारे, आणि थांबायचं नाही. आई म्हणायची, झिरा ही पोळ्याच्या सणाची चूल हाय, सगळ्या बाया लागल्या तरच. वस्तीतल्या बाया रोज पहाटे जायच्या, उकरायच्या, आणि दर वेळी पाणी दिसेल दिसेल असं वाटता वाटता वाळू ढासळायची. कारण प्रत्येक घरातलं एक माणूस तिथे नसायचं. ते गढीच्या दारात बसलेलं असायचं, घागरीपाशी. झिरा लागला तर लागला. पण न लागला तर? घागर रांगेत असलेली बरी. सगुणाच्या घरातून सगुणा बसायची.

खेळातही त्यांनी तेच केलं. नेहमीच करायच्या. सगळी माणसं नदीत, आणि एक गढीच्या अंगणात, घागर घेऊन, उकरणाऱ्यांना पाणी पोचवायला. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? तहानेने माणसं पडली तर झिरा कोण काढणार. भुजंगचा पहिला हत्ती जागा झाला. लाल रेघ, मग डोळा. सगुणाबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना बरं वाटलं. हाच तो, खरा. हत्ती उतरला, दुसऱ्याला उठवलं, दोघे पात्राकडे निघाले, आणि झिरा ओलसर वाळूपर्यंत आलेला असताना त्यांचा पाय पडून कड कोसळली. त्यांनी पुन्हा उकरायला घेतलं. पुन्हा ओल लागली, पुन्हा हत्ती आले. त्यांची दोन माणसं तहानेने खाली बसली. भुजंग आता शीळ घालत होता. वस्त्या एकेक करून गढीकडे सरकत होत्या. सगुणाबाईंचा हात घामेजला, माऊस बोटाखालून निसटायला लागला, आणि मनात एक नीच, शहाणा आवाज म्हणाला, तुझी माय निसती नशीबवान होती, दुसरं काय. त्या आवाजाला त्या आयुष्यभर ओळखत होत्या. त्यांनी अंगणातला माणूस मदतीला नदीवर न्यावा म्हणून त्याच्यावर बोट ठेवलं, आणि ते उचललं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. त्याला तिथून हलवायचं जिवावर आलं. भुजंगला पडद्यावर ते दिसलं असावं.

“राहू द्या आज्जी, राहू द्या,” तो मजेत म्हणाला. “घागर उचलली की नंबर जाईल.”

बाहेर टँकर नव्हता, तरी कुणीतरी घागर ओढली. प्लास्टिकची खरखर. आणि तिच्या खालून दुसरा आवाज वर आला, धातूचा, रिकामा. बहात्तरच्या त्या दुपारी गढीच्या दारात मातीच्या घागरी होत्या, पितळी होत्या, डालड्याचे डबे होते, आणि आत चौकात एक बैल मरून पडला होता. बुद्धाचा धर्म घेतल्यापासून वस्तीने मेलेली जनावरं ओढायचं सोडलं होतं. मालकांनी निरोप दिला, जो बैल ओढील त्याची घागर आधी भरेल. कुणी उठलं नाही. मग सरजाबाई सगुणाजवळ आली आणि म्हणाली, तू तर पुढं ये, निदान चौक झाड, तुझी भरते. सगुणा उठली होती. परकर झाडून उभी राहिली होती, घशाला कोरड होती, आणि झाडू हातात घेण्यात तसं काय वाईट, असं तिला वाटत होतं. तेवढ्यात रस्त्यावरून आई येताना दिसली. कोपरापर्यंत वाळू लागलेली, पदर खोचलेला, झिऱ्यावरून तशीच आलेली, बहुधा पोरगी काय करते बघायला. आईने बैलाकडे पाहिलं, झाडूकडे पाहिलं. मग ती वाकली आणि तिने रांगेतली आपली घागर उचलली. रिकामी. तिच्या कमरेवर बसताना घागर ठण्ण वाजली. सरजाबाई घाबरून म्हणाली, अगं पारू, नंबर जाईल ना.

“जाऊ दे,” आई म्हणाली. “नंबर ठेव तुझ्यापाशी.”

एवढंच बोलली आणि चालायला लागली, मागे सगुणा. आणि मग मागून आवाज यायला लागले. ठण्ण. पुन्हा ठण्ण. डब्याचा पोकळ आवाज, पितळेचा घुमणारा. सगुणाने वळून पाहिलं तर रांग नव्हती. गढीच्या दारासमोर धुळीत नुसते घागरींचे गोल डाग उरले होते. हे इतक्या वर्षांत त्यांना आठवलं नव्हतं. गोष्ट सांगताना गढी यायची, झिरा यायचा, पाणी लागलं ते यायचं. रिकामी घागर गोष्टीत कधी आलीच नाही. रिकाम्या घागरीची कसली गोष्ट. पण त्या दिवशी झिऱ्यावर सगळे हात होते. आणि तिकडे गढीत बैल ओढायला कुणी नव्हतं, चौक झाडायला नव्हतं, शेण काढायला नव्हतं. मालकांचे भाचे-पुतणे नाकाला उपरणी बांधून बैल ओढताना गावाने बघितले आणि गाव हसलं.

सगुणाबाईंनी अंगणातल्या माणसावर बोट ठेवलं. उचललं नाही. त्याला नदीकडे चालवत आणलं.

भुजंग खो खो हसला. आज्जी, मरून राहिली तुमची माणसं, तो म्हणाला. मग त्याची शीळ थांबली. आधी पुढच्या हत्तीचा डोळा मिटला. निखाऱ्यावर राख चढावी तशी रेघ बारीक झाली आणि गेली. त्याने जागं राहायचं कुणासाठी? अंगणात कुणी नव्हतं. तो होता तिथेच, वाटेत, दगड होऊन बसला. त्याच्या मागचाही बसला. भुजंग भराभर बटणं दाबत होता. गढीची माणसं हत्तींना उठवायला धावली, पण हत्ती आपल्या माणसांनी उठत नसतात, तो नियमच होता. नदीत सगळे वाटसरू वाळू उकरत होते. आणखी एक तहानेने बसला. सगुणाबाईंच्या ओठांना कोरड पडली, पण त्यांनी बोट हलवलं नाही. वाळू गडद झाली. मग अधिक गडद. कडा धरणारे हात आज पुरेसे होते. कड ढासळली नाही. तळाला काहीतरी चकाकलं, सुईएवढं, आणि पसरायला लागलं. वरून पडत नव्हतं ते. खालून येत होतं, कुणी न ओतता. बसलेली माणसं उठून उभी राहिली. आणि मग खोऱ्यातल्या वस्त्या, एरवी गढीकडे सरकणाऱ्या त्या छोट्या छोट्या कौलारू ठिपक्यांच्या वस्त्या, एकेक दिवा हलावा तशा नदीकडे वळल्या. गढीची विहीर काठोकाठ भरलेली होती आणि अंगण मोकळं पडलं होतं. पिवळी अक्षरं आली. सगुणाबाईंनी ती वाचली नाहीत. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला होता, मनगटापासून थेट मानेपर्यंत, आणि जिभेवर मीठ होतं, घामाचं की कशाचं कोण जाणे.

उत्पला मागून आजीच्या खांद्यावर हनुवटी टेकून म्हणाली, “आज्जी, माझ्या सगळ्या हिशोबात अंगणात कुणीतरी उभं होतंच. रिकामं अंगण मी कधी धरलंच नाही.” ती हसत होती, आणि तिचे डोळे भरले होते. स्वतःच केलेल्या खेळात स्वतःला न दिसलेली वाट सापडली, याचाच तिला आनंद झाला होता. हत्ती राहणार, ती म्हणाली, सगळे, होते तसे. भुजंगने पडद्याकडे बघत डोकं खाजवलं. नुसतं चालत निघून गेल्या की तुम्ही, तो म्हणाला, माझ्याकडं विहीर हाय अन् मी काय करू आता तिचं? मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि माठात तांब्या बुडवल्याचा आवाज आला.

तो परत आला तेव्हा सगुणाबाई त्याच्या खुर्चीवर बसल्या होत्या, गढीच्या बाजूला.

“सरक तिकडं,” त्या म्हणाल्या. “गढी मला दे.”

“आता कशाला आज्जी? जिंकल्या ना?”

“विहिरीत बघायचंय मला.”

भुजंगला त्यात विशेष काही वाटलं नाही. त्याने वाकून बटण दाखवलं. इथं दाबा म्हणाला, हे फक्त गढीवाल्याला दिसतं. सगुणाबाईंनी दाबलं. पडदा वर वर गेला, दगडी काठाच्या वर, आणि मग त्या विहिरीवर वाकून बघत होत्या. काळा गोल. त्यात खाली चार-पाच निळ्या रेघा, थोड्या हलणाऱ्या, आणि मध्ये आभाळाचा एक पांढरट तुकडा, भाकरीएवढा. त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. नागाचा मणी नव्हता. गाव नव्हतं.

“एवढंच?”

“एवढंच,” उत्पला ओशाळून म्हणाली. “घाईत काढलंय गं. मी नीट करून देते, पायऱ्या घालते, खोल दाखवते...”

“नको,” सगुणाबाई म्हणाल्या. “हात लावू नको. बरोबर हाय.” आणि त्यांना हसू फुटलं. पोटातून आलं, थांबेना. हसताना पदर तोंडाशी न्यायची त्यांची जुनी सवय, पण हात माऊसवर होता आणि तो त्यांनी तिथेच ठेवला. खिडकीतून नागाबाईंनी विचारलं, काय झालं हो, तर त्यांना सांगताही येईना. हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली, भिंतीवरचे आपले हत्ती एकदा नजरेखालून घातले, आणि समोर बसलेल्या भुजंगला म्हणाल्या, “चल, मांड डाव. काठ्या घे तुझ्या. अन् माझ्या अंगणात कुणाला उभं करू नको, आधीच सांगून ठेवते.”